मागल्यासाठी डहाळी

भागीरथीला सायकल येत नव्हती आणि बुद्धभूषण पगारेला चालणं येत नव्हतं. म्हणजे पाय होते, चांगले धडधाकट होते. पण सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीनपुढे उभं राहून अर्धं आयुष्य काढलेला हा माणूस कोपऱ्यावरून दूध आणायचं म्हटलं तरी सायकल बाहेर काढायचा. आणि भागीरथी पेठच्या डोंगरात वाढलेली. चाकावर बसून डोंगर चढायचा म्हणजे डोंगराचा अपमान, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते ती विचारल्याशिवायही सांगायची.

अशा दोघांनी उतारवयात लग्न केलं. लोकांनी तोंडात बोटं घातली, मग काढली, मग पेढे खाल्ले.

भागीरथी नाशकात आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळायची. पगारे दर रविवारी मुलींच्या सायकली दुरुस्त करायला यायचा. पैसे घ्यायचा नाही, चहा मात्र दोनदा घ्यायचा. पंक्चर काढून झालं की आणखी काय सुटलंय, काय हलतंय ते बघत फिरायचा आणि जुन्या ट्यूबची पट्टी कापून ते करकचून बांधून टाकायचा. बादलीची कडी, खिडकीचा अडसर, भागीरथीच्या चष्म्याची काडीसुद्धा त्याने तशीच बांधून दिली होती. "ट्यूबची पट्टी जवळ असली की माणसाचं काही अडत नाही," असं तो म्हणायचा. भागीरथी तेव्हा त्याला 'पगारेभाऊ' म्हणायची. लग्न ठरलं तशी मोठीच पंचाईत झाली. भाऊ म्हणता येईना, नुसतं नाव घ्यायला जीभ वळेना. मग तिने 'अहो पगारे' असा मधला मार्ग काढला. मुली खिदळल्या, पण ते तसंच रुळून गेलं.

पगारेची पहिली बायको आजारपणात गेली होती. एकुलती पल्लवी शिकून स्वित्झर्लंडला नोकरीला लागली होती, आणि या लग्नासाठी सगळ्यात जास्त घाई तिलाच झाली होती. "बाबा, मावशींनी हो म्हटलंय ना? मग आता मुहूर्त कसले बघताय?" असं तिने फोनवर फटकारलं होतं. बाबा मुहूर्त बघणाऱ्यांतला नव्हताच. त्याच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्यापुढेच तो हात जोडायचा. बाकी कुठल्या दगडापुढे, शेंदरापुढे नाही. भागीरथीने आपली डोंगरची देवी एका कोनाड्यात मांडली, तर त्याने त्या कोनाड्याला स्वतः फळी मारून दिली. पण हात जोडले नाहीत. दोघांनी एकमेकांना त्यावरून कधी काही म्हटलं नाही.

लग्नानंतर रविवारचा एक नवाच उद्योग सुरू झाला. पगारे पहाटे सायकलवरून पेठच्या रस्त्याला लागायचा. भागीरथी एसटीने डोंगराच्या पायथ्याच्या गावी उतरायची. मग तो डांबरी रस्त्याच्या वळणांनी वर यायचा आणि ती जुन्या पायवाटेने सरळ छाताडावरून चढायची. दोघं भेटायची ती ऐनखिंडीत. आधी पोचेल त्याने थांबायचं. मग नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, आणि तिने पगारेच्या घामाची यथेच्छ टिंगल करायची.

ऐनखिंडीत एक जुनं ऐनाचं झाड आहे आणि त्याच्या बुडाशी दगडांचा ढिगारा. खिंड ओलांडणारा प्रत्येक जण वाटेवरची हिरवी डहाळी तोडून त्या ढिगावर ठेवतो, वर एखादा दगड ठेवतो, की ती उडून जाऊ नये. शहरातले लोक म्हणतात, कुणी देव असेल. भागीरथीची आई भिमाबाई म्हणायची, "देव हाय का नाय, ते देवाला ठाव. डहाळी मागल्यासाठी ठेवायची. म्हंजे मागून येनाऱ्याचे पाय भरून येत नायत." पुढे पोचलेल्याने मागे राहिलेल्याची आठवण ठेवायची, एवढाच तो रिवाज.

भागीरथी प्रत्येक वेळी डहाळी ठेवायची. पगारे आधी पोचलेला असला तरी ठेवायचा नाही. बाजूला उभा राहायचा, तिची पिशवी हातात धरायचा आणि तिचं होईपर्यंत लांबचे डोंगर बघत राहायचा. तिने कधी 'ठेवा' म्हटलं नाही. कुणाच्या मनाविरुद्ध त्याचा हात धरून काही करवून घ्यावं, असा तिचा स्वभाव नव्हता. पण बारीकसं काहीतरी टोचायचं, खोटं कशाला बोला.

टोचायचं त्याला कारण होतं. याच खिंडीत, बऱ्याच वर्षांपूर्वी, तिचा पहिला नवरा दत्तू तिला सोडून गेला होता. द्राक्षबागांच्या कामाला दोघं निघाली होती. तिच्या डोक्यावर भांड्यांचं, गोधड्यांचं ओझं. पायथ्याशी दत्तू म्हणाला, "मी व्हतो पुढं, खिंडीत थांबतो. तू ये मागून." ती धापा टाकत खिंडीत पोचली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. ढिगावर जुन्या, वाळलेल्या डहाळ्या, ताजी एकही नाही. गेला असेल इकडेतिकडे, म्हणून ती ओझं उतरवून बसली. दिवस मावळेपर्यंत बसली. दत्तू तिकडून जाणाऱ्या मालट्रकमध्ये बसून केव्हाच पुढे निघून गेला होता. पुढे कळलं, दिंडोरीकडे त्याने दुसरं घर केलंय. माणूस गेला याचं दुःख तिला फार दिवस टिकलं नाही. तसा तो ठेवून घेण्यासारखा नव्हताच. पण खिंडीत पोचावं आणि आपल्यासाठी कुणी थांबलेलं नसावं, ही भीती मात्र तिच्या अंगात घर करून राहिली.

पगारेला तिने हे सगळं एकदा, एकदाच सांगितलं होतं. तो ऐकून घेऊन नुसता म्हणाला, "मी थांबतो." आणि खरंच, दर रविवारी थांबायचा. तरी शेवटच्या चढावर भागीरथीचं काळीज धडधडायचं, आणि ते चढामुळे नव्हे, हे तिचं तिला ठाऊक होतं. झाडाखाली सायकल टेकवलेली दिसली की जिवात जीव यायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला हा प्रकार.

आणि एक दिवस पल्लवीने दोघांची तिकिटंच पाठवली. "तिकडच्या खिंडी बघितल्यात, आता इकडच्या बघा. बाबा, तुम्हाला मी भारीतली सायकल भाड्याने घेऊन देते. मावशी, तुम्ही चाला. वर भेटायचं."

स्वयंपाकघरातल्या बायकांनी भागीरथीला सतरा सल्ले दिले. विमानात कानात कापूस घाल, कुणाचं काही खाऊ नको, नवऱ्याचा हात सोडू नको. शेवटचा सल्ला तिने मनापासून पाळला आणि पगारेचा हात मुंबईपासून स्वित्झर्लंडपर्यंत धरून ठेवला. त्याला झोपही लागू दिली नाही.

डोंगर बघून मात्र तिने तो हात सोडला आणि ती बघतच राहिली. असले उंच, असले अंगावर येणारे डोंगर तिने जन्मात पाहिले नव्हते. उन्हाळा म्हणे, आणि माथ्यावर बर्फ. हिरवळ अशी, की गाईंनी दोन जन्म चरावं. संध्याकाळी पल्लवीने विचारलं, "कसं वाटलं, मावशी?" तर ती म्हणाली, "लय चांगलं हाय. पन येवढा मोठा डोंगर आन् एक करवंद नाय." पल्लवी हसून हसून लोळायची बाकी राहिली.

पहिले दोन दिवस पल्लवी तिच्यासोबत चालली. दगडांवर लाल-पांढऱ्या रंगाच्या पट्ट्या कशा बघायच्या, त्या धरून कसं जायचं, हे तिने शिकवलं. बूट घेऊन दिले, गरम कोट दिला, एक फोन गळ्यात अडकवला. तिसऱ्या दिवशी मोठी खिंड होती. पल्लवीने तिचं नाव तीनदा सांगितलं, पण ते भागीरथीच्या तोंडात बसेना, म्हणून तिने तिला आपलं 'पल्लवीची खिंड' म्हणून टाकलं. बापलेक रस्त्याने सायकलवर जाणार होते. भागीरथीसोबत कुणी चालावं की नाही यावरून वाद झाला, आणि तो तिनेच मोडीत काढला. "शेरात मला येकटीला सोडू नका. डोंगरात सोडा, काय व्हत नाय."

निघताना पगारे सायकलची टायरं दाबून बघत होता. तो मान वर न करता म्हणाला, "भागी, सावकाश ये. मी थांबतो."

"ठाव हाय," ती म्हणाली. तरी तो वळणाआड होईपर्यंत ती बघत उभी राहिली.

पहिला टप्पा उंच सूचिपर्णी झाडांच्या रानातून होता. मग रान संपलं आणि नुसता गवताचा उघडा चढ लागला. लाल-पांढऱ्या पट्ट्या डावीकडे वळून एका लांबलचक वळशाने वर गेल्या होत्या. आणि उजवीकडे, गळ्यातल्या मोठमोठ्या घंटा वाजवत, गाईंचा एक कळप सरळ चढाला लागला होता. त्यांच्या खुरांनी पडलेली रुंद, मळलेली वाट स्पष्ट दिसत होती.

भागीरथी थांबली. तिचा बाप गुराखी. त्याने तिला लहानपणीच शिकवलं होतं, की डोंगरात माणसाची वाट चुकेल, ढोरवाट चुकणार नाही. पेठकडे ढोरं रोज खिंड ओलांडून पलीकडच्या चराईला जातात, त्यामुळे ढोरवाट धरली की खिंड आलीच. या रंगाच्या पट्ट्या काय, कुणी पोरानेसुद्धा फासल्या असतील. गाईंना कोण फसवणार? ती निर्धास्तपणे गाईंच्या मागे लागली. शिवाय वाट जवळची दिसत होती. आज आपण आधी पोचायचं आणि सायकलवाल्यांची फजिती बघायची, असाही एक खट्याळ विचार मनात होताच.

पण तिकडच्या गाई खिंड ओलांडत नाहीत. त्या गोठ्यात जातात. घंटा वाजवत वाजवत त्यांनी भागीरथीला एका बंद खोलगटीत नेऊन सोडलं. तिथे लाकडी गोठा होता, दुधाच्या किटल्या होत्या, आणि तिन्ही बाजूंना उभे कडे. एक दाढीवाला म्हातारा धारा काढायच्या तयारीत होता. दारात ही काळीसावळी, कपाळावर गोंदलेली बाई बघून तो जागच्या जागी थिजला. भागीरथीने हाताने खिंडीची खूण केली. त्याने नकारार्थी मान हलवली आणि काठीने दाखवलं: आधी खाली, रान संपतं तिथपर्यंत, मग तिकडून वर. मग तिला बाकावर बसवून वाडगाभर दूध दिलं. ती दूध प्यायली, त्याला भाकरीचा तुकडा दिला, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत उतरायला लागली.

फोनवर काही लागेना. नुसता आवाज यायचा आणि बंद व्हायचा. पट्ट्या पुन्हा सापडेपर्यंत ऊन कललं होतं. वर चढू लागली तसा दम लागायला लागला, आपल्या डोंगरात कधी लागला नाही तसा. चार पावलं चालायची आणि थांबायची. मग धुकं उतरलं. पुढचा दगड, त्यावरची पट्टी, त्याच्या पुढचा दगड, एवढंच जग उरलं.

आणि मनात ते जुनं गाणं सुरू झालं. गेले असतील. गेलेच असणार. एवढ्या थंडीत, एवढा वेळ, कोण थांबेल? पल्लवी शहाणी मुलगी आहे, ती बापाला घेऊन खाली गेली असणार, आणि ते बरोबरच आहे. आपणच गाईंच्या नादी लागलो. आता वर पोचायचं, तिथे कुणी नसेल, मग रस्त्याने एकटीनेच उतरायचं. असं तिने स्वतःला नीट समजावलं. समजावता समजावता रडू यायला लागलं, तेव्हा तिने स्वतःलाच एक शिवी दिली आणि पुढचं पाऊल टाकलं.

चढ संपला. वारा एकदम तोंडावर आला. धुक्यात एक पिवळी पाटी दिसली, तिच्यापलीकडे रस्त्याचा काळा पट्टा. सायकल नव्हती. माणूस नव्हता. ऐनखिंडीतली ती संध्याकाळ, डोक्यावरून उतरवलेलं ते ओझं, सगळं तिच्यापुढे येऊन उभं राहिलं.

पाटीच्या बुडाशी दगडांचा ढिगारा होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रचलेला असावा. इथेही लोक दगड ठेवतातच की, तिला वाटलं. टेकायला म्हणून ती त्याच्याकडे वळली, आणि तिला ढिगावर हिरवं काहीतरी दिसलं.

डहाळी होती. खालच्या रानातल्या सूचिपर्णी झाडाची, ताजी. इथे वर आसपास झाडाचं नावही नव्हतं. डहाळीवर एक चपटा दगड ठेवला होता, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून ती दगडासकट करकचून बांधली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने.

भागीरथीने त्या पट्टीवर हात ठेवला आणि ती मोठ्याने रडली.

रडण्याचा आवाज ऐकून रस्त्यापलीकडच्या दगडी भिंतीच्या आडोशातून प्लास्टिकचा रेनकोट गुंडाळलेलं एक बोचकं उठलं. आधी सायकलचं हँडल दिसलं, मग पगारे. ओठ काळेनिळे पडले होते. चालता येत नव्हतं धड, पाय आखडले होते. पण तो आला आणि तिच्याशेजारी दगडावर बसला.

"लागलं का कुठे?" त्याने विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. मग डहाळीकडे बोट केलं. "तुमी ठेवली?"

"हो."

"तुमी तर दगडापुढं काय ठेवत नाय."

"दगडापुढे नाही ठेवली," पगारे म्हणाला. त्याचे दात वाजत होते, त्यामुळे प्रत्येक शब्द जपून येत होता. "तुझी आई म्हणायची ना, मागल्यासाठी? मग तू मागे होतीस. वर झाडं नसतात, हे पल्लवीने काल सांगितलं होतं. म्हणून खालीच तोडली आणि पाठीच्या खिशात घालून आणली. टोचत होती सगळ्या चढाला."

भागीरथीने डोळे पुसले. "मग ऐनखिंडीत कधी नाय ठेवली ती?"

पगारेने जरा विचार केला. "तिथे तुझ्या पायांची मला कधी काळजी वाटली नाही," तो म्हणाला. "इथे वाटली."

तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. ते लोखंडासारखे गार होते. ती ते चोळत बसली. खिंडीत कुणीतरी थांबलं होतं. नुसतं थांबलं नव्हतं, आधीच, खालच्या रानातूनच, तिची आठवण सोबत घेऊन निघालं होतं.

"पल्लवी कुठं हाय?" तिने विचारलं.

"तुला बघायला खाली गेली, तू निघालीस तिथपर्यंत. मलाही ओढत होती. म्हणे, थंडीत गोठाल. मी म्हटलं, तू जा. भागी वर आली आणि मी नसलो, तर?" त्याने रस्त्याकडे बघितलं. "येईल आता. तोच चढ पुन्हा चढावा लागेल बिचारीला."

हे ऐकताच भागीरथी उठली. ट्यूबची पट्टी सोडायला तिची बोटं वळेनात, तेव्हा पगारेने ती सोडली. तिने डहाळी मधोमध मोडली. अर्धी तिने आपल्या कोटाच्या खिशात ठेवली. उरलेली अर्धी पगारेपुढे धरली. त्याने ती घेतली, पुन्हा ढिगावर ठेवली, दगड ठेवला आणि पट्टीने बांधली. बांधताना तिने गाठीवर बोट धरलं. मग तिने पिशवीतली उरलेली भाकरी काढली, आणि एकाच कोटात जमेल तसं दडून दोघं रस्त्याच्या वळणाकडे बघत बसली.

बऱ्याच वेळाने धुक्यात दिव्याचा एक ठिपका दिसला. पल्लवी पेडलवर उभी राहून, धापा टाकत वर येत होती. दोघांना बघितल्याबरोबर तिने सायकल तिथेच टाकून दिली.

"मावशी! कुठे होतात तुम्ही? माझा जीव जायची वेळ आली होती!" ती रागावली होती आणि रडतही होती. "आणि आता खाली रस्त्याकडेच्या टपरीत तरी जायचं ना! इथे वाऱ्यात कशाला बसलात दोघं?"

भागीरथीने तिला जवळ ओढलं आणि आपल्या पदराने तिचा घाम पुसला.

"तू मागं व्हतीस ना, बाय," ती म्हणाली. "म्हनून थांबलो."